बंद करून चालू करू नका

पेरुंगुडीत काहीही बिघडलं तरी पहिला उपाय ठरलेला: बंद करून पुन्हा चालू करा. लॅपटॉप अडला, वायफाय गेलं, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर रुसली, सोसायटीच्या फाटकाने रोजचा अंगठा ओळखायला नकार दिला, तरी औषध तेच. राजीव गांधी सालै हे सरकारी नाव असलेल्या आणि ओएमआर याच नावाने हाक मारल्या जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत या एका वाक्यावर कित्येकांचे पगार निघतात. त्यांतल्या काही पगारांतून हिंजवडी आणि पिंपळे सौदागरच्या फ्लॅटांचे हप्ते जातात. अशा वस्तीत एक यंत्र येऊन पडलं, त्याचा आजार नेमका उलटा. चालू असलं की तासभर तक्रार नाही. बंद केलं की खलास.

यंत्र म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं आउटबोर्ड मशीन. वर डोकं, खाली लांब पाय, पायाला पंखा. आठ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू करायचं, आणि अर्थातच सेकंडहँड.

आयटीवाल्यांच्या सोसायटीला बोट कशाला, हा प्रश्न फक्त त्यालाच पडेल ज्याने पेरुंगुडीत एकही डिसेंबर काढलेला नाही. या गावाच्या एका अंगाला पल्लिकरणैची पाणथळ आहे. २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली, १,२४८ हेक्टरांसकट. दुसऱ्या अंगाला बकिंगहॅम कालवा, आणि त्याच्या पलीकडे, हाकेच्या नाही पण हॉर्नच्या अंतरावर, समुद्र. पाणथळीतलं पाणी ओक्कियम मडुवु नावाच्या ओढ्याने कालव्यात आणि कालव्याने कोवलमच्या खाडीत जातं. ही पाण्याची जुनी वाट. नंतर त्या वाटेवर माणसांनी थ्री बीएचके बांधले. पाणी दरवर्षी ईशान्य मोसमी पावसात आपली वाट शोधत येतं, आणि पार्किंगमध्ये भेटतं.

नोव्हेंबर २०१५ च्या पावसात टॅक्सीवाल्या ओलाने चेन्नईच्या बुडालेल्या भागांत चक्क बोटी उतरवल्या होत्या, वल्हवणाऱ्या माणसांसकट आणि फुकट. पुण्यातल्या नातेवाइकांना आधी ही थट्टाच वाटली. खरं आहे असं कळल्यावर सर्ज प्रायसिंग लागतं का, ही चौकशी झाली. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मात्र थट्टा उरली नाही. समुद्रावरचे कोळी आपल्या होड्या घेऊन शहराच्या गल्ल्यांत शिरले आणि माणसं बाहेर काढत राहिले. मग डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं, जे लिहायचं मिचाँग आणि म्हणायचं मिगजौम. पल्लिकरणैच्या एका सोसायटीतल्या गाड्या रांगेने पाण्याबरोबर वाहत निघाल्याचा व्हिडिओ त्या दिवशी देशभर फिरला. ओएमआरवरच्याच कारपाक्कममध्ये अडकलेल्या अभिनेता विष्णू विशालला बचाव दलाच्या बोटीतून बाहेर काढलं, आणि त्याने टाकलेल्या फोटोत बोटीत शेजारी बसलेला माणूस आमिर खान होता. त्या फोटोनंतर ओएमआरवर बोटीची इज्जत वाढली. आमिर खानला लागते ती वस्तू आपल्यालाही असावी, हा विचार सर्वसाधारण सभेत मांडायला कोणाला लाज वाटत नाही.

गोष्ट कुठल्या सोसायटीची हे सांगण्यात अर्थ नाही. ओएमआरवर डोळे मिटून दगड मारला तर तो अशाच एखाद्या सोसायटीच्या क्लब हाउसवर पडेल. ठराव झाला, वर्गणी झाली, फायबरची एक छोटी होडी आणि तिच्या मागे हे मशीन आलं. मशीनची जबाबदारी एका मराठी टेक-लीडवर आली, कारण सभेला तो उशिरा पोचला. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचे सासरे पुण्याहून राहायला आले.

होडीची तालीम घरासमोरच्या बकिंगहॅम कालव्यात करावी, ही पहिली सूचना. कालव्याचं घराणं मोठं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहिला टप्पा खोदलेला, १८७७-७८ च्या दुष्काळात पोट भरण्यासाठी आलेल्या माणसांच्या हातून वाढवलेला, मद्रासचा गव्हर्नर असलेल्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं नाव लागलेला. कधी काळी मद्रासचं सरपण आणि मीठ याच पाण्यावरून यायचं. २००८ पासून तो राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक चारचा भाग आहे. कागदावर. पेरुंगुडीजवळच्या पाण्याचा रंग आणि वास पाहून सभासदांनी राष्ट्रीय जलमार्गाला लांबूनच वंदन केलं आणि होडी टेम्पोत घालून वीस-पंचवीस किलोमीटरवर कोवलमच्या खाडीत नेली.

पहिल्या रविवारी मशीन सुरूच झालं नाही. अर्ध्या तासात तीन अभियंत्यांचे खांदे उतरले. मग खाडीवरच्या एका कोळ्याने, ज्याला सगळे अण्णा म्हणत होते, लांबूनच बोट दाखवलं. मशीनच्या पुढच्या बटणाखाली एक लाल क्लिप बसवावी लागते. तिची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर क्लिप निघून मशीन बंद पडतं. क्लिप सेक्रेटरींच्या खिशात होती. हरवू नये म्हणून.

क्लिप लागताच दुसऱ्या ओढीला मशीन पेटलं. होडी खाडीत दोन चकरा मारून आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, किनाऱ्याला लागून कॉफी प्यायली. कॉफीनंतर मशीन मेलं ते मेलंच. पाऊण तासाने मात्र काहीच झालं नसल्यासारखं सुरू झालं.

इथे सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या नोकरीत लक्ष घातलं.

सासऱ्यांचं म्हणणं साधं होतं. हा आजार त्यांनी बोरघाटात शंभर वेळा पाहिला आहे. एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याआधी मुंबईहून पुण्याला यायचं म्हणजे जुना घाट, पुढे ट्रक, मागे ट्रक, मे महिना, आणि मधे कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी, जिला कोणीही पद्मिनी म्हटलं नाही, सगळ्यांनी फियाटच म्हटलं. शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास फियाट थांबायची. थांबली की पुन्हा सुरू व्हायची नाही. बॉनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, कुटुंबाने पुऱ्या-बटाट्याची भाजी सोडायची. डबा संपेपर्यंत पंप थंड व्हायचा. "व्हेपर लॉक," सासरे म्हणाले, "तुमच्या जन्माच्या आधीचा रोग आहे, जावईबापू."

सासरे चुकले होते असं कोणी म्हणू शकणार नाही. फियाटचा यांत्रिक पंप इंजिनालाच चिकटलेला असायचा. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप वाफ ढकलत बसायचा. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांची पंगत आहे, आणि तीतले हलके लोक ३५-४० अंशांनाच पानावरून उठतात. चेन्नईत हे तापमान म्हणजे सावलीतली दुपार. त्यात आता देशभर पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या मशीनच्या रबरी नळ्यांशी त्याचं जमत नाही. म्हणजे बोरघाटाला लागायचा तेवढाही चढ इथे लागत नाही.

आणि आउटबोर्डला फियाटपेक्षा एक जास्तीचा शाप आहे. मशीन चालू असताना पायातला रबरी पंप खाडीचं गार पाणी वर ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि मागून बारीक पिचकारीने बाहेर टाकतो. पिचकारी उडतेय तोवर तब्येत उत्तम. मशीन बंद केलं की पाणी थांबतं, पण लोखंड-ॲल्युमिनियमची आग तिथेच असते. वर झाकण, झाकणावर ऊन. उष्णतेला बाहेर जायला जागा नाही, मग ती शेजारच्या कार्बोरेटरकडे जाते. म्हणून बंद केल्यावरची पहिली दहा-वीस मिनिटं झाकणाखालचं तापमान उतरत नाही, चढतं. नेमकी कॉफी प्यायला लागतात तेवढी मिनिटं. चेन्नईतली फिल्टर कॉफी टंबलर-डबऱ्यात दोनदा वरून खाली ओतून थंड करतात. आउटबोर्डची तशी सोय नाही.

ही गंमत आउटबोर्डच्या जन्मापासूनची आहे. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत वाढलेला ओले एव्हिनरूड १९०६ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या ओकाची तलावावर सहलीला गेला होता. बरोबरच्या बेसला, जी पुढे त्याची बायको झाली, आइस्क्रीम हवं झालं. तो वल्हवत गेला, आइस्क्रीम घेऊन वल्हवत आला, आणि पोचला तेव्हा वाडग्यात दूध होतं. म्हणे त्या चिडीतून त्याने बोटीला मागून टांगायचं इंजिन केलं. १९०९ पासून ते बाजारात आलं: दीड हॉर्सपॉवर, वजन २८ किलो. आइस्क्रीमची ही कथा कंपनीच्या जाहिरातीत वाढत गेली असावी, पण बेसने धंदा आणि जाहिराती सांभाळल्या हे खरं, आणि एव्हिनरूड हे नाव २०२० पर्यंत आउटबोर्डवर होतं. थंड वस्तू गरम होण्याआधी पोचावी म्हणून जन्माला आलेलं यंत्र स्वतः गरम झालं की जागचं हलत नाही, हा विनोद बेसने कुठल्या जाहिरातीत घातला नसणार.

दुसऱ्या रविवारी ओल्या फडक्याचा प्रयोग झाला. सासऱ्यांनी स्वतःचा पंचा दिला. पंचा कार्बोरेटरवर, पंपावर, झाकणावर सगळीकडे फिरला. मशीन ढिम्म. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट उघडकीला आली. पेट्रोलच्या वेगळ्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो, तो सैल करायचा राहिला होता. टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं, आत हवा येत नाही, दहा-पंधरा मिनिटांत टाकीत निर्वात होतो आणि मशीन उपाशी मरतं. लोकांना वाटतं तापलं म्हणून मेलं. स्क्रू सैल करताच फुस्स झालं, सगळ्यांनी एकमेकांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. स्क्रू उघडा ठेवून पुन्हा दोन चकरा, पुन्हा कॉफी. पुन्हा ढिम्म. फुस्सचा गुन्हा कबूल होता, पण खून त्याने केला नव्हता.

जावयाने सोमवारी ऑफिसच्या सवयीने एक तिकीट उघडलं. शीर्षक: हॉट रिस्टार्ट फेल्युअर. प्रायॉरिटी: वन. खाली तक्ता, संशयितांची नावं. त्याने हे मात्र बरोबर ओळखलं होतं की हा एक रोग नाही, एकसारखं तोंड असलेले तीन रोग आहेत. पहिला, सासऱ्यांचा: पेट्रोल पोचत नाही, नळीत वाफ. दुसरा, त्याच्या उलट: तापलेलं पेट्रोल फुगून सुईच्या व्हॉल्व्हला न जुमानता सिलिंडरमध्ये शिरतं, मशीन पेट्रोलमध्ये बुडतं. बेशुद्ध पडलेला माणूस उपासाने पडला की लग्नाच्या जेवणाने, हे चेहऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी पोट पाहावं लागतं. मशीनचं पोट म्हणजे प्लग. कोरडा असेल तर उपास, ओला असेल तर जेवण. तिसरा रोग विजेचा. फ्लायव्हीलखालच्या कॉइलच्या तारेला केसाएवढी चीर असते, तापून तार ताणली की चीर उघडते आणि ठिणगी जाते, गार झाली की चीर मिटते आणि ठिणगी परत येते. हा सगळ्यांत लबाड.

तक्ता चांगला होता. त्यातला अडसर एकच: तिन्ही रोगांचा पुरावा गरम असतानाच मिळतो. मशीन मेल्या मेल्या प्लग खोलून पाहायला हवा. पण तिसऱ्या रविवारी मशीन मेलं तेव्हा प्लगचा पाना टेम्पोत होता, टेम्पोची किल्ली ड्रायव्हरकडे होती आणि ड्रायव्हर नाश्त्याला गेला होता. पाना आला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. प्लग खोलला: किंचित ओलसर, म्हणजे ओलाही नाही, कोरडाही नाही, निवडणुकीतल्या पक्षप्रवक्त्यासारखा. पुन्हा बसवला, एक ओढ, मशीन सुरू. दाढ दुखते म्हणून रात्रभर जागलेल्या माणसाची दाढ डेंटिस्टच्या खुर्चीत बसताच गप्प होते, तसं.

मेकॅनिकचीही तीच गत. शहरातल्या एका दुकानात मशीन नेलं, त्याने ते पाण्याने भरलेल्या पिंपात पाय बुडवून टांगलं आणि पहिल्याच ओढीला सुरू केलं. पाच मिनिटं रिकामं फिरवलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा झालं. "सार, नो प्रॉब्लेम," तो म्हणाला आणि नो प्रॉब्लेमचे पैसे घेतले. ओझं नाही, ऊन नाही, कॉफी नाही. पिंपात मशीनला आजारी पडायचं काही कारणच नव्हतं. ओएमआरवर अशा तिकिटावर 'नॉट रिप्रोड्युसिबल' लिहून ते बंद करतात. जावई स्वतः आठवड्यातून चार वेळा ते लिहितो. त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा ग्राहकांची दया आली.

अण्णाला विचारून झालं होतं. अण्णाचा सल्ला एका ओळीचा: "इंजिन ऑफ पण्णादींग." म्हणजे इंजिन बंदच करू नका. न्यूट्रलला टाकून घरघरत ठेवा, पिचकारी चालू राहते, कार्बोरेटर गार राहतो. कोवलमचे अनेक जण जाळं ओढतानाही हेच करतात. सल्ला अचूक होता, पण सोसायटीला पटेना. पेट्रोलचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? तरी लोकांनी यंत्राचे यापेक्षा जास्त लाड केलेले आहेत. केरळात केरोसिनवर चालणारी आउटबोर्ड मशीनं असतात. त्यांना सुरू करताना थोडं पेट्रोल पाजायचं, तापली की केरोसीन द्यायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोल, म्हणजे पुढच्या वेळी ती रुसणार नाहीत. तान्ह्या बाळालाही गुटी एकदाच देतात.

सासऱ्यांचं मत आता फियाटवरून चेतकवर सरकलं होतं. आकुर्डीची बजाज चेतक १९७२ पासून मराठी घरांच्या जिन्याखाली उभी होती आणि सकाळी सुरू झाली नाही तर तिला एका अंगाला तिरपी करायची, हे ज्ञान बाप मुलाला मुंजीच्या वयात देत असे. तिरपी केली की कार्बोरेटरमधून जास्तीचं पेट्रोल उतरायचं आणि थंडीतलं इंजिन पेटायचं. "हेही तिरपं करून पाहा," सासरे म्हणाले. आउटबोर्ड तिरपं करायला तर मुद्दाम बिजागरी असते. केलं. काही झालं नाही, आणि व्हायला नकोच होतं, कारण तिरपं करणं आणि चोक ओढणं ही थंडीची औषधं आहेत. तापलेल्याला सुंठ-मिऱ्याचा काढा पाजण्यासारखं. गंमत म्हणजे मशीनवरच्या स्टिकरवर सुरू करण्याच्या कृतीत चोक ओढा असंच छापलेलं होतं, आणि ते थंड मशीनपुरतं आहे ही ओळ झिजून गेली होती. जावई दर वेळी आज्ञाधारकपणे चोक ओढत होता.

चौथा रविवार ऑफिसच्या रिलीझसारखा आखला गेला. पाना सुतळीने होडीच्या बाकाला बांधला. एकाकडे स्टॉपवॉच, एकाकडे सुका प्लग, सेक्रेटरींच्या पुतण्याकडे मोबाइल, त्याने सगळं चित्रण करायचं. सासऱ्यांना त्रास नको म्हणून टाकीशेजारी सावलीत बसवलं. दोन चकरा, किनारा, मशीन बंद, अकरा मिनिटांची कॉफी, पाच ओढी, मशीन मेलेलं. आता! झाकण काढलं, पिंजऱ्यातला वाघ बाहेर काढावा तसा प्लग खोलला. प्लग चिंब. पेट्रोल ठिबकत होतं. सांडलेलं सगळं पुसून घेतलं, सुका प्लग कॅपला लावून त्याच्या आट्या भोकापासून लांब मशीनच्या धातूला टेकवल्या, दोरी ओढली. निळी, ठसठशीत ठिणगी. म्हणजे वीज निर्दोष सुटली, उपासही सुटला. मशीन लग्नाला जेवून आलं होतं.

जावयाचा चोक हा एक गुन्हेगार सापडला. पण अकरा मिनिटं मशीन बंद असताना एवढं पेट्रोल आत कुठून येत होतं?

उत्तर रात्री अकरा वाजता, पेरुंगुडीच्या सातव्या मजल्यावर, व्हिडिओत सापडलं. टाकीपासून मशीनपर्यंत जाणाऱ्या नळीत मध्यावर एक रबरी फुगा असतो, लिंबाएवढा. सुरुवातीला तो दाबून पेट्रोल मशीनपर्यंत चढवायचं आणि कडक झाला की सोडून द्यायचं. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, मधे प्लगभोवती माणसांची गर्दी असताना, आणि त्याआधी कॉफीच्या अकरा मिनिटांतही, एक हात तो फुगा दाबत होता. डॉक्टर रक्तदाबाच्या यंत्राचा दाबतात तसा, शांत, लयीत, कर्तव्यभावनेने. फुगा कडक झाला तरी हात थांबत नव्हता. आधीच तापून फुगलेलं पेट्रोल, त्यात हा दाब, सुईचा व्हॉल्व्ह म्हातारा. प्रत्येक दाबाला थोडं पेट्रोल आत. जावयाने मोजलं: चौसष्ट वेळा.

हाताच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं.

बायको मागे येऊन उभी होती. तिने घड्याळ ओळखलं, कारण दहावीच्या परीक्षेला तिने तेच नेलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रिपोर्टमध्ये नाव नको घालूस हं."

बिघाडाचं मूळ कारण हा तिकिटातला सगळ्यांत महत्त्वाचा रकाना, आणि ओएमआरवरची माणसं त्या रकान्यात नाव न घेता कारण लिहिण्यात जगात कोणाला हार जाणार नाहीत. जावयाने एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं. शेवटी राहिलं ते असं: विश्रांतीच्या काळात इंधनवाहिनीवर अनपेक्षित बाह्य दाब, शिवाय चोकचा अनावश्यक वापर. चोकपुढे त्याने स्वतःचं नाव कंसात घातलं. एकाने तरी कबूल व्हायला हवं.

पाचव्या रविवारची कृती भिंतीवर लावता येईल एवढी छोटी होती. थांबलं की आधी पेट्रोलची नळी मशीनपासून काढायची, म्हणजे तापलेलं पेट्रोल आत ढकलायला मागे कोणी उरत नाही. निघताना नळी जोडायची, चोकला हात लावायचा नाही, थ्रॉटल तिसरा हिस्सा उघडून दोरी ओढायची. तरीही बुडालंच असेल तर नळी काढूनच ठेवायची, थ्रॉटल पूर्ण उघडून चोकशिवाय ओढत राहायचं, आतलं जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. नळी काढण्याचं काम जबाबदारीचं आहे, त्याला एकच आणि पोक्त माणूस हवा, असं जावयाने सगळ्यांसमोर सांगितलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं. सेक्रेटरींनी अनुमोदन दिलं. त्यांनी व्हिडिओ पाहिला असावा.

दोन चकरा, किनारा, मशीन बंद. सासऱ्यांनी वाकून नळीचं टोक सोडवलं आणि कॉफीची सगळी बारा मिनिटं ते दोन्ही हातांत धरून, सत्यनारायणाचा प्रसाद धरतात तसं, छातीशी घेऊन बसले. त्यांची कॉफी मुलीने धरली. मग नळी जोडली गेली आणि दुसऱ्या ओढीला मशीन पेटलं. मागून पाण्याची पिचकारी उडायला लागली. पुतण्या ओरडला, सेक्रेटरींनी वहीत वेळ टिपली, अण्णाने लांबून हात केला की आता बंद करू नका.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," सासरे पंच्याने हात पुसत म्हणाले, "पेट्रोल जास्त होतंय."

"हो बाबा," जावई म्हणाला आणि गिअर पुढे टाकला.